मजुरी बी सुटत नाही

अजिंठ्याहून परत येताना फर्दापूर फाट्यावर, जिथे आपल्या गाड्या ठेवून शटल बसने लेण्यांकडे जावं लागतं तिथे, एक मुलगा दगडांचा ट्रे घेऊन मागेमागे आला. विशी-बाविशीचा असेल. ट्रेमध्ये तिथे सगळ्यांकडे असतो तोच माल, आतून स्फटिक चमकणारे पोकळ अर्धे दगड, भडक निळ्या आणि राणी रंगाच्या चकत्या (तो रंग दगडाचा नसतोच, चढवलेला असतो), दोन-तीन गणपती, आणि कोपऱ्यात मूठभर मधाच्या रंगाचे गुळगुळीत खडे. मी त्या खड्यांपाशी अडकले. एक उचलून उन्हाकडे धरला तर आतल्या रेघा दिसल्या, बारीक, एकीला लागून एक, बाहेरून आत आकसत गेलेल्या. विचारलं, पॉलिश कुठे करता? तो म्हणाला दगड आपल्याकडचाच आहे ताई, पॉलिश गुजरातेतल्या खंबातची, तिकडून तयार होऊन येतो. मग मी म्हटलं, मी पण करते घरी, गॅलरीत ड्रम आहे माझा. तेव्हा त्याने विकण्याचा सूर सोडला, ट्रे कठड्यावर ठेवला आणि खरंच विचारायला लागला. किती दिवस लागतात? महिनाभर तरी, कधी जास्तच. एका दगडाला? नाही नाही, एका वेळी दीड किलो. त्याने मनातल्या मनात हिशोब केलेला मला त्याच्या चेहऱ्यावर दिसला आणि तो जरा काळजीनेच म्हणाला, "मग मजुरी बी सुटत नाही ताई ह्यात."

एक खडा विकत घेतला आणि निघाले. पण ते वाक्य संभाजीनगरपर्यंत डोक्यात होतं, मग नगरला चहाला थांबलो तिथेही होतं, आणि पुण्यात घरी येऊन गॅलरीत फिरणाऱ्या ड्रमचा आवाज ऐकला तेव्हा तर जास्तच.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, मी नदीतले आणि माळावरचे दगड आणून एका फिरत्या ड्रममध्ये घालते, सोबत पाणी आणि कडक भुकटी, आणि आठवडेच्या आठवडे तो ड्रम दिवसरात्र फिरत राहतो. इंग्रजीतून आलेलं नाव रॉक टंबलिंग. करायचं म्हणजे एवढंच. नदी जे हजारो वर्षं करते ते जरा घाईने, घरात. पण हे सुचलं कसं असं कुणी विचारलं की मला सरळ उत्तर देता येत नाही, कारण दगड माझ्या आयुष्यात ड्रमच्या फार आधीपासून आहेत.

आजोळ संगमनेरच्या बाजूला, प्रवरेच्या काठी. नांगरट झाली की शेतात गारगोट्या वर यायच्या, पांढऱ्या, दुधी, काही पिवळसर, बाहेरून खडबडीत सालीच्या, आणि मामा त्या वेचून बांधावर फेकायचा कारण औताच्या फाळाला त्यांचा त्रास. आम्हा पोरांची तिथे चंगळ. रात्री लाइट गेली की दोन गारगोट्या घेऊन गोधडीत शिरायचं, पूर्ण अंधार करायचा आणि एकीवर एक जोरात घासायची. आत दगडात नारिंगी उजेड पेटायचा. ठिणगी वेगळी, ती उडते, हा उजेड दगडाच्या पोटात असायचा, क्षणभर, आणि मागे एक जळका वास राहायचा. तो वास मला आजही नाकात आणता येतो. मोठेपणी कळलं की क्वार्ट्झच्या जातीचे दगड घासले की असा उजेड पडतो, पाण्याखाली घासले तरी पडतो. कारण कळलं म्हणून त्यातली गंमत काही कमी झाली नाही.

आणि ह्या गारगोट्या आल्या कुठून हे तर मला अजून थक्क करतं. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी आपल्या ह्या अख्ख्या दख्खनवर लाव्हाचे थरावर थर पसरले, त्या लाव्हात वायूचे बुडबुडे होते, लाव्हा थंड झाला आणि बुडबुड्यांच्या जागी पोकळ्या राहिल्या. नंतर त्या पोकळ्यांत सिलिका विरघळलेलं पाणी झिरपत राहिलं, पोकळीच्या भिंतीवर एक पातळ थर, मग आणखी एक, मग आणखी एक. तोच अकीक. भोवतालचा काळा पाषाण ऊनपावसात कुजून माती झाला आणि हा चिवट गाभा तसाच राहिला, घरंगळत नदीत आला. म्हणजे आज माझ्या हातात असलेला खडा हा एका बुडबुड्याचा आकार आहे. पोकळ्यांत सगळीकडे अकीकच झाला असंही नाही. पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींत कॅव्हन्साइट नावाचं निळंशार खनिज मिळालं, ज्यासाठी जगभरातले खनिजवेडे वाघोलीचं नाव घेतात, आणि आपण वाघोलीला ट्रॅफिकसाठी ओळखतो. सिन्नरचं गारगोटी म्युझियम पाहिलं नसेल तर नाशिकला जाताना वाट वाकडी करून बघाच. तिथले झिओलाइट नावाच्या खनिजांच्या स्फटिकांचे झुबके बघून मी पहिल्यांदा गेले तेव्हा बोलायचंच थांबले होते.

पण झिओलाइट ड्रममध्ये घालायचं नाही. हे सुरुवातीलाच सांगितलं पाहिजे, कारण आपल्याकडे माळावर फिरताना चमकतं ते सगळं उचललं जातं. स्टिल्बाइट, अपोफिलाइट, कॅल्साइट हे सगळे मऊ, चिरा पडून फुटणारे, कडक दगडांसोबत ड्रममध्ये गेले की त्यांचा चिखल होतो. मी बरोबर एक साधा पोलादी चाकू ठेवते. चाकूने ओरखडा उठला तर दगड राहू द्यायचा. ओरखडा न उठता चाकूचीच करडी रेघ दगडावर उमटली तर पिशवीत. अकीक, जास्पर, कॅल्सेडनी हे सगळे क्वार्ट्झच्याच जातीचे, त्यांची कठीणता एक ते दहाच्या मोजपट्टीवर साधारण सात, काच ह्यांच्यापुढे टिकत नाही. काळ्या पाषाणाचा मोह सगळ्यांना होतो, मलाही झाला, आपल्या डोंगरांचा तो दगड, पण त्याला बारीक भोकं असतात, भोकांत भुकटी अडकते, आणि काहीही केलं तरी तशी आरशासारखी चमक सहसा येत नाही. मला तो नदीत जसा असतो तसाच आवडतो, ओला, पाय ठेवला की तळव्याला गार लागणारा.

मशीन विकत मिळतं, ऑनलाइन मिळतं, छोट्या मुलांचं म्हणून जे येतं त्यातही काम होतं. मी मात्र जमवलं. जुन्या बाजारातून एक मोटर, बोहरी आळीतून बेअरिंगं आणि पुली, भोसरीतल्या एका टर्नरकाकांकडून दोन दांडे कापून त्यांच्यावर रबरी नळी चढवून घेतली, आणि ड्रम म्हणून चार इंची जाड पीव्हीसी पाइपचा तुकडा, एका बाजूला कायमचं झाकण, दुसऱ्या बाजूला क्लँपने आवळायचं रबरी. टर्नरकाकांनी हे कशासाठी असं विचारलं आणि दगड घासायला म्हटल्यावर पुढे काहीच न विचारता दांडे एकदम सरळ आहेत ना ते दोनदा तपासलं. ज्या माणसाला काम येतं त्याला दुसऱ्याचं काम समजतं. मिनिटाला पन्नासेक फेऱ्या पडल्या की पुरे, जोरात फिरवलं तर दगड भिंतीला चिकटून नुसते गोल फिरतात, एकमेकांवर घसरत नाहीत, आणि सगळी करामत त्या घसरण्यात आहे. ड्रम दोन तृतीयांश ते पाऊण भरायचा, कमी भरला तर दगड आपटून त्यांना चंद्रकोरीसारखे ओरखडे पडतात. मोठे छोटे मिसळून घालायचे, म्हणजे छोटे खडे मोठ्यांच्या खळग्यांत पोचतात. पाणी वरच्या दगडांच्या जरा खालपर्यंत. वीज म्हणाल तर माझ्या मोटरला दिवसाला साधारण एक युनिट.

भुकटी म्हणजे सिलिकॉन कार्बाइड. हा पदार्थ निसर्गात जवळजवळ मिळतच नाही, १८९१ साली अमेरिकेत एडवर्ड ॲचेसन नावाच्या माणसाला माती आणि कोक विजेने तापवताना सापडला, कार्बोरंडम हे नाव त्यानेच दिलं. आपल्याकडे मोझेकच्या फरश्या घासायला येणारे कारागीर त्यांच्या मशीनला ज्या नंबरच्या दगडी बत्त्या लावतात, साठ नंबर, ऐंशी, एकशेवीस, त्या ह्याच्याच. आमच्या सोसायटीत एका घरी पॉलिशचं काम चाललं होतं तिथल्या कारागिरांनीच मला भुकटी कुठे सुटी मिळते ते सांगितलं. ते ओल्या फरशीवर मशीन फिरवत होते, पायजमे गुडघ्यापर्यंत वर, पाय करड्या राड्याने माखलेले, आणि त्यांच्याशी बोलताना मला एकदम जाणवलं की माझ्या छंदातलं सगळं शास्त्र ह्यांना पाठ आहे. जाड नंबर मध्येच सोडून बारीक नंबरवर गेलं तर ओरखडे तसेच राहतात आणि शेवटी चमक मारली की जास्तच दिसतात, हे त्यांनी मला सांगितलं तेव्हा माझा पहिला ड्रम सुरूही झाला नव्हता.

तर पहिला टप्पा साठ-नव्वद नंबरचा, म्हणजे सगळ्यात जाड भुकटीचा, माझ्या ड्रमला चार मोठे चमचे. आठवडाभर तरी, आणि दगड ओबडधोबड असतील तर पुन्हा ताजी भुकटी घालून आणखी एक आठवडा, आणखी एक. इथे घाई केली की पुढे कशानेच भरून येत नाही, कारण आकार फक्त इथेच येतो. मग एकशेवीस-दोनशेवीस, मग पाचशे, आणि शेवटी पॉलिश, ॲल्युमिनियम ऑक्साइडचं किंवा काच घासणारे वापरतात ते सेरियम ऑक्साइडचं. प्रत्येक टप्प्याच्या मध्ये धुणं. मी हे धुणं सगळ्यात मन लावून करते. दगड, ड्रम, झाकणाची खाच, स्वतःची नखं, सगळं. जाड भुकटीचा एक कण जरी पुढच्या टप्प्यात गेला तरी तो आठवडाभर सगळ्या दगडांवर रेघा मारत बसतो.

ड्रम उघडायचा दिवस रविवार. झाकण निघताना किंचित फुस्स होतं, आत वायू धरलेला असतो. मग तो वास, ओल्या मातीचा पण मातीइतका गोड नाही, थोडा धातूचा. आणि घावनाच्या पिठाएवढा दाट करडा राडा, त्यात दगड दिसतच नाहीत. हात घालायचा आणि चाचपायचं. डोळ्यांआधी बोटांना कळतं, गेल्या आठवड्यात जो कोपरा बोचत होता तो आता नाही. मग चाळणीत ओतून धुवायचे आणि, हे महत्त्वाचं, पूर्ण सुकवायचे. ओला दगड कुठल्याही टप्प्यावर सुंदरच दिसतो, त्याच्यावरून काहीच ठरवता येत नाही. जुन्या टॉवेलवर पसरून, पंख्याखाली तासभर ठेवून, खिडकीपाशी नेऊन तिरप्या उजेडात बघायचे. राडा कधीही मोरीत ओतायचा नाही, पाइपमध्ये बसून दगड होतो. मी बादलीत गाळ बसू देते, वरचं पाणी काढते आणि गाळ सुकवून कचऱ्यात टाकते.

त्या गाळाकडे बघताना मला दर वेळी थोडं वाईट वाटतं. वजनाचा चांगला पाव हिस्सा तिथे गेलेला असतो.

आजोळी पाटा-वरवंटा होता, तो सुद्धा काळ्या पाषाणाचाच. वाटून वाटून पाटा गुळगुळीत झाला की आजी कुरकुर करायची, मसाला सरकतोय नुसता, वाटला जात नाही. मग एखाद्या दिवशी गल्लीतून हाक यायची, पाट्याला टाकीऽऽ. वडार समाजातली बाई असायची, कडेवर लेकरू, हातात हातोडी आणि छिन्नी. ती अंगणात बसून अख्ख्या पाट्यावर ओळीने बारीक बारीक ठोके मारत जायची, टक टक टक टक, इतकी एकसारखी की थोड्या वेळाने तो आवाज ऐकू येणंच बंद व्हायचं आणि ती थांबली की दचकायला व्हायचं. दगडाचे कण उडायचे, ती डोळे अर्धे मिटून घ्यायची, लेकरू तिच्या पाठीमागे बसवलेलं. पैसे थोडे आणि सुपात ज्वारी. टाकी लावल्यावर आजी आधी मूठभर जाडं मीठ वाटून फेकून द्यायची, त्यात दगडाची कचकच उतरावी म्हणून. त्या घरात गुळगुळीत दगड म्हणजे काम अडलं, आणि ते अडलेलं काम सोडवायला एक बाई उन्हातून चालत यायची. आज मी गुळगुळीतपणासाठी महिना घालवते. त्या बाईने तिच्या आयुष्यात किती दगडाची धूळ श्वासात घेतली असेल हा विचार तेव्हा आमच्यापैकी कुणाच्याच मनात आला नाही.

फर्दापूरच्या त्या मुलाच्या वाक्यामुळे मी खंबातबद्दल वाचायला लागले. आधी ढोबळ माहीत होतं, की अकीकाचं काम तिथे हडप्पा काळापासून चालत आलंय, लोथल त्याच भागातलं. कच्चा दगड राजपिपळ्याजवळच्या रतनपूर भागातून येतो. तो दगडसुद्धा मूळचा दख्खनच्या लाव्हातलाच. तो उन्हात वाळवतात, मातीच्या मडक्यांत घालून शेणाच्या विस्तवात तापवतात, आणि पिवळा-तपकिरी दगड लाल होतो कारण आतल्या लोहाचं रूप उष्णतेने बदलतं. मग जमिनीत रोवलेल्या लोखंडी टोकावर दगड धरून म्हशीच्या शिंगाच्या हातोडीने टवके काढून त्याला आकार देतात. आणि पॉलिश? पूर्वी चामड्याच्या पिशवीत मणी, कुरुंदाची पूड आणि पाणी घालून पिशवी शिवून टाकायची आणि माणसांनी समोरासमोर बसून ती पिशवी इकडून तिकडे, तिकडून इकडे लोळवत राहायची. दिवसेंदिवस. हे वाचलं तेव्हा मी गॅलरीत जाऊन माझ्या ड्रमसमोर उभी राहिले. भोसरीतल्या दांड्यांवर फिरणारा हा पीव्हीसीचा तुकडा म्हणजे ती पिशवीच आहे, फक्त माझ्याकडे तिला ढकलणारं माणूस नाही, मोटर आहे. आता तिथेही विजेचे ड्रम आलेत.

पण ड्रममध्ये जाण्याआधी मणी चाकावर घासतात, आणि कोरड्या घासणीत जी धूळ उडते ती सिलिकाची. ती फुप्फुसात बसते आणि निघत नाही. सिलिकोसिस. ह्याला उपचार नाही, दम कमी कमी होत जातो, वर क्षयाचा धोका. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने खंबातच्या अकीक कामगारांचे अभ्यास केलेले आहेत, आणि हे काम घराघरांत चालतं त्यामुळे घासणाऱ्याबरोबर घरातली माणसंही त्याच हवेत असतात. मी फर्दापूरला घेतलेला खडा टेबलावर होता. इतका वेळ मी तो माझ्या खड्यांशी ताडून बघत होते, चमक कुणाची जास्त, कडा कुणाच्या मऊ. त्यानंतर तो मला तसा बघवेना. टाकूनही देववेना. त्यावर कुणाच्या तरी हाताने केलेलं काम आहे, आणि ते काम अतिशय उत्तम आहे.

मजुरी सुटत नाही हे त्याचं म्हणणं खरंच आहे, माझी सुटत नाही आणि मला ती सोडवावी लागत नाही. मला महिनाभर थांबता येतं. दगड हवा तसा नाही झाला तर पुन्हा पहिल्या टप्प्याला टाकता येतो, त्यावर संध्याकाळची भाकरी अवलंबून नाही. माझी मैत्रीण म्हणते तू हे विक ना, इन्स्टावर पेज काढ, हातोहात जातील. मी एकदा कागदावर किंमत काढायला बसले, वीज, भुकटी, वेळ, आणि जो आकडा आला त्याच्यापुढे त्या मुलाचा ट्रे किती स्वस्त आहे ते दिसलं, आणि तो स्वस्त असण्याचं कारण मला आता माहीत होतं. विकायचं डोक्यातून गेलं. मी दगड देते, ज्यांना हवेत त्यांना. बहुतेक वेळा मुलंच मागतात. शेजारची लहानगी येते ती आधी खडा गालाला लावून बघते, मग रंग बघते.

एक गोष्ट मात्र मी आता फार जपून करते, ती म्हणजे निवडणं. प्रवरा, घोड, गोदावरी ह्या नद्यांच्या काठांवर माणसं फार जुनी. नेवाशाला पुरातत्त्वज्ञ संकलियांनी १९५४ पासून उत्खनन केलं, तिथल्या प्रवरेच्या वाळू-गोट्यांच्या थरांत अश्मयुगातली जास्पर आणि अकीकाची हत्यारं मिळाली. जोर्वे, तसंच प्राचीन वस्ती सापडलेलं गाव, तर आमच्या आजोळापासून हाकेच्या अंतरावर. घोडकाठच्या इनामगावला साडेतीन हजार वर्षांपूर्वीची शेतकऱ्यांची वस्ती निघाली आणि त्या लोकांनी कॅल्सेडनीची लांब, पातळ, दोन्ही बाजूंनी धारदार पाती काढली होती, मुठीत बसवून कापायला. डेक्कन कॉलेजच्या म्युझियममध्ये ती बघताना मला दगड ओळखीचा वाटला. वाटणारच. मामाच्या बांधावरचाच तो. मी त्याच दगडाची धार घालवण्यात महिना घालवते आणि त्या माणसाने नेमक्या जागी एक ठोका मारून धार काढली, काही क्षणांत. मला दोघांचाही आनंद कळतो. माझा जास्त सोपा आहे.

म्हणून आता नदीकाठी काही उचललं आणि त्याला एका बाजूला सरळ समांतर कंगोरे दिसले, किंवा शिंपल्यासारखे उथळ टवके ओळीने काढलेले दिसले, तर मी तो दगड होता तिथेच ठेवते. पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या, टेकाडाच्या आसपास तर काहीच वेचत नाही, खापरं दिसायला लागली की पिशवी बंद. ड्रममधून काढल्यावर त्या दगडाचं काहीच सांगता येणार नाही, त्याच्यावरचा हात पुसला जाईल, आणि एवढ्या वर्षांनी तो हात आपण पुसावा हे मला पटत नाही. नदीच्या पात्रात, पाण्याने आधीच गोल केलेले, चिरा नसलेले गोटे भरपूर असतात. तेवढे पुरतात. आणि तेही मूठभरच आणावेत. वाळू उपशाने पात्रं आधीच उघडी पडलीत, आमच्या प्रवरेत लहानपणी जिथे खडे वेचायला गुडघाभर पाण्यात उभं राहायचो तिथे आता खड्डे आहेत आणि ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या.

सुरुवात करणाऱ्या कुणालाही मी एक गोष्ट हात जोडून सांगते. दगड कापायचा किंवा घासायचा तर पाण्यातच. हल्ली व्हिडिओ बघून लोक गॅलरीत अँगल ग्राइंडर घेऊन अकीक कोरडा कापतात, तोंडाला रुमाल बांधून. रुमालाने ही धूळ अडत नाही. ती दिसत पण नाही, नंतर जमिनीवर जी पांढरी पूड दिसते ती जाड, आत जाते ती न दिसणारी. ड्रमचा सगळा कारभार ओला असतो म्हणून तो घरात चालतो, आणि राडा वाळल्यावर तोही झाडूने झाडायचा नाही, ओल्या फडक्याने पुसायचा. चकत्या हव्या असतील तर पाण्याची धार सोडलेली करवत असलेल्या माणसाकडून कापून घ्या, आणि तो मास्क लावतोय का ते बघा, नसेल तर चांगला मास्क घेऊन द्या. मी तसं करते. कुणाला ते आगाऊपणाचं वाटतं, चालेल.

सध्या ड्रममध्ये घोडकाठचे मधाच्या रंगाचे खडे आहेत आणि थोडे लाल जास्पर, साठ-नव्वदचा पहिला फेरा संपत आलाय, पण जास्परला अजून खळगे आहेत म्हणजे त्याला परत तिथेच बसावं लागणार. त्यातल्या एका खड्यात शेवाळासारखी हिरवी जाळी आहे, ती वनस्पती नसून खनिज आहे हे माहीत असूनही मी तिच्यात पानं शोधत बसते. ह्यानंतर मला दख्खनच्या बाहेरचे दगड करून बघायचेत. पूर्व विदर्भात आपला लाव्हा संपतो आणि खालचे फार जुने खडक उघडे पडतात, वैनगंगेच्या गोट्यांत क्वार्ट्झाइट आणि साधा पांढरा क्वार्ट्झ असणार. सिंधुदुर्गात कासार्ड्याकडे सिलिकाची वाळू निघते, तिथल्या ओढ्यांतही क्वार्ट्झाइट असावं. भंडारा-गोंदियाकडचं किंवा कणकवलीकडचं कुणी हे वाचत असेल तर तुमच्या नदीत कुठल्या रंगाचे गोटे मिळतात ते मला नक्की कळवा, आणि जमलं तर एखाद्यावर पोलादी चाकू घासून बघा, ओरखडा उठतोय की करडी रेघ.